ड्रॉपडाऊनमधला वरचा रिकामा ऑप्शन: ठेवला तरी कटकट, काढला तरी कटकट

हा प्रॉब्लेम माझ्याकडे दर तीन-चार महिन्यांनी फिरून येतो. फॉर्म वेगळा, माणसं वेगळी, तक्रार तीच. दरवेळी तेच तेच फोनवर सांगून कंटाळा आला म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतोय, थोडं लांबेल, पण ज्याला अडलंय तो वाचेल.

आधी किस्सा सांगतो. एका संस्थेच्या आरोग्य शिबिराची ऑनलाईन नोंदणी होती, शिबिर पुण्यात. फॉर्मात नाव, मोबाईल, पिनकोड, जिल्हा, तालुका, रक्तगट, एवढंच. दाखवायला गेलो तर तिथले सर म्हणाले, "हे वर मोकळं कशाला ठेवलंय? अर्धवट वाटतं, काढून टाका ना." मी ड्रॉपडाऊनमधली वरची रिकामी ओळ काढली, दोन मिनिटांचं काम. आठवड्याने त्यांनी एक्सेल उघडलं तर नोंदणीत अकोल्याचीच गर्दी! पत्ता कोथरूडचा, पिनकोड ४११ ने सुरू होणारा, आणि जिल्हा अकोला. मला फोन, "अहो अकोल्याहून एवढी माणसं येणारेत का आपल्याकडे, जेवणाचं कसं करायचं?"

झालं काय होतं, तर मराठी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत अकोला पहिला येतो. साध्या ड्रॉपडाऊनमध्ये तुम्ही कुठल्याच ऑप्शनला सिलेक्टेड लावलं नाही तर ब्राउझर यादीतला पहिला, डिसेबल नसलेला ऑप्शन आपणहून निवडून ठेवतो. ब्राउझरची यात काही चूक नाही, नियमच तसा आहे. माणूस घाईत असतो, त्या खान्याला हातच लावत नाही, सबमिट दाबतो, आणि अकोलेकर होतो.

गंमत इथेच संपत नाही. त्या फॉर्ममध्ये जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी येणार अशी सोय होती, म्हणजे चेंज इव्हेंटवर (निवड बदलली की ब्राउझर देतो तो इशारा) सगळं अवलंबून. आता जो खरोखरच अकोल्याचा आहे त्याला जिल्हा आधीच बरोबर दिसतोय, तो कशाला बदलेल, आणि त्याने उघडून परत अकोलाच निवडलं तरी चेंज इव्हेंट येतच नाही कारण काही बदललेलंच नाही! म्हणजे कोथरूडवाले सगळे अकोल्याचे झाले आणि खऱ्या अकोलेकराला तालुकाच निवडता येईना. त्याला आधी दुसरा जिल्हा निवडून मग परत अकोल्याला यावं लागत होतं.

आणि रक्तगट. त्या यादीत पहिला होता ए पॉझिटिव्ह. जिल्हा चुकला तर हसण्यावारी नेता येतं, रक्तगट ओळखपत्रावर छापायचा होता. तिथे मात्र माझ्या पोटात गोळा आला.

घाबरून रिकामा ऑप्शन परत टाकला तर उलटी तक्रार सुरू, "निम्म्या लोकांचा जिल्हाच कोरा येतोय." कारण मी ऑप्शन टाकला पण तो निवडलेला असताना फॉर्म अडवायची सोय केली नाही. तर मुद्दा असा की वरची रिकामी ओळ म्हणजे "या माणसाने अजून उत्तर दिलेलं नाही" एवढं सांगणारी खूण आहे, ती शोभेची वस्तू नाही आणि अडगळही नाही. ती हवीच, फक्त तिला नीट कामाला लावायचं.

आता नीट म्हणजे कसं. इथे टॅग देवनागरीत लिहितोय, तुम्ही कोडमध्ये नेहमीसारखे इंग्रजीत लिहा:

<सिलेक्ट नेम="जिल्हा" रिक्वायर्ड>
<ऑप्शन व्हॅल्यू="">जिल्हा निवडा</ऑप्शन>
<ऑप्शन व्हॅल्यू="अकोल्याचा कोड">अकोला</ऑप्शन>

व्हॅल्यू म्हणजे तो ऑप्शन निवडला की सर्व्हरकडे जाणारा मजकूर, आणि रिक्वायर्ड म्हणजे खाना भरल्याशिवाय ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. दिसायला एवढंसं, पण यात तीन-चार जागी लोक हमखास घसरतात.

पहिली घसरण व्हॅल्यूची. व्हॅल्यू लिहिलीच नाही तर ऑप्शनचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू धरली जाते. म्हणजे डेटाबेसमध्ये जिल्ह्याच्या जागी "जिल्हा निवडा" असं छान साठवलं जातं, आणि रिक्वायर्ड लावलेलं असूनही फॉर्म पुढे जातो कारण ब्राउझरच्या दृष्टीने खाना भरलेला आहे. मी एका यादीत "निवडा" नावाच्या गावाचे रहिवासी बघितलेत. व्हॅल्यू लिहायची, आणि ती पूर्ण रिकामी. दोन कोट्सच्या मध्ये एक स्पेस राहिली तरी ती रिकामी धरत नाहीत. शून्य किंवा वजा एक लिहायची जुनी सवय असेल तर तीही सोडा, शून्य ही ब्राउझरसाठी भरलेली व्हॅल्यू आहे.

दुसरी घसरण जागेची. रिक्वायर्डला हा ऑप्शन "निवडा असं सांगणारा" म्हणून ओळखू यायचा असेल तर तो सिलेक्टच्या आत अगदी पहिला हवा, थेट सिलेक्टच्या आत हवा, कुठल्या ऑप्टग्रुपच्या (ऑप्शनचे गट पाडणारा टॅग) पोटात नको. कोणीतरी विभागाप्रमाणे गट पाडतो, कोकण, पुणे, नाशिक वगैरे, आणि रिकामा ऑप्शन चुकून पहिल्या गटात जातो, मग रिक्वायर्ड गप्प बसतं आणि आपण ब्राउझरला शिव्या देत बसतो.

तिसरी घसरण नेटवर सगळीकडे सापडणाऱ्या त्या फेमस नुस्ख्याची: रिकाम्या ऑप्शनला डिसेबल्ड, सिलेक्टेड आणि हिडन, तिन्ही लावायचे. खाना भरायलाच हवा असेल तर हे चालतं, वाईट नाही. पण डिसेबल्ड लावून सिलेक्टेड विसरलात तर ब्राउझर त्याच्यावरून उडी मारून खालच्यावर जातो, म्हणजे परत अकोला. हिडनवर सगळीकडे सारखा भरवसा ठेवू नका, विशेषतः आयफोनच्या सफारीत एकदा स्वतः बघून घ्या. आणि खाना ऐच्छिक असेल तर हा नुस्खा अजिबात वापरू नका, कारण माणसाने एकदा काही निवडलं आणि मग त्याला "नको, राहू दे" असं वाटलं तर परत रिकाम्यावर यायची वाटच बंद. शिवाय डिसेबल असलेला ऑप्शन निवडलेला असताना फॉर्म सबमिट केला तर त्या खान्याचं नावच सर्व्हरकडे जात नाही, रिकामी व्हॅल्यू पण नाही, काहीच नाही. पीएचपीवाल्यांना "अनडिफाइन्ड इंडेक्स" दिसतं, पीएचपी ८ पासून "अनडिफाइन्ड अॅरे की". हे दिसलं की नव्वद टक्के लोक सर्व्हरचा कोड उसकटतात आणि दोष बसलेला असतो फॉर्ममध्ये.

चौथं म्हणजे रिक्वायर्ड लावलंय, सगळं बरोबर आहे, तरी कोरे फॉर्म येतायत. तर बघा कुठेतरी जावास्क्रिप्टमधून थेट फॉर्मवर सबमिट मारलंय का. तसं केलं की ब्राउझर तपासणी करतच नाही. त्याच्याऐवजी रिक्वेस्टसबमिट वापरा, ते बटण दाबल्यासारखंच वागतं. फॉर्म टॅगवर नोव्हॅलिडेट (ब्राउझरची तपासणी बंद करणारं) राहिलंय का तेही बघा, काही रेडिमेड थीम ते आपल्याला न विचारता लावतात.

शोधायचं कसं, तर अंदाज बांधत बसू नका. एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, फॉर्म सबमिट करा आणि पेलोडमध्ये (सर्व्हरकडे पाठवलेल्या माहितीत) त्या खान्यासमोर काय गेलंय ते बघा. नावच नसेल तर डिसेबल्डचा प्रकार. नाव आहे पण समोर मोकळं असेल तर रिक्वायर्ड चाललेलं नाही. "जिल्हा निवडा" गेलं असेल तर व्हॅल्यू राहिली. आणि बरोबर गेलंय पण डेटाबेसमध्ये चुकलंय, तर मग सर्व्हरकडे वळा. दोन मिनिटं लागतात.

आता दुसरा प्रकार, जो जास्त छळतो: तुम्ही रिकामा ऑप्शन टाकलेलाच नाही, यादीत तो नाहीच, तरी ड्रॉपडाऊन कोरा दिसतो. हे बहुतेक एडिट फॉर्मला होतं, म्हणजे आधी भरलेली नोंद उघडून बदलायच्या फॉर्मला. जावास्क्रिप्टने सिलेक्टला अशी व्हॅल्यू दिली जी यादीतल्या कुठल्याच ऑप्शनशी जुळत नाही, तर ब्राउझर कुठलाच ऑप्शन निवडत नाही, सिलेक्टेडइंडेक्स (निवडलेल्या ऑप्शनचा क्रमांक) वजा एक होतो आणि खाना पांढरा फट्ट. कन्सोलमध्ये सिलेक्टेडइंडेक्स विचारा, वजा एक आलं की समजायचं साठवलेली व्हॅल्यू आणि यादी यांचं जुळत नाहीये.

का जुळत नाही? आपल्याकडे याची तीन कारणं मी स्वतः बघितली.

एक, नावं बदलली. २०१४ मध्ये पालघर वेगळं झालं, ३५ चे ३६ जिल्हे झाले. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आपण यादी अपडेट केली, जुन्या नोंदी तशाच राहिल्या. आता जुन्या नोंदीत "उस्मानाबाद" लिहिलेलं आणि यादीत धाराशिव. एडिट उघडलं की कोरं. सर्व्हरवरून पान तयार होत असेल आणि वर रिकामा ऑप्शन नसेल तर त्याहून वाईट, कारण जुळणारा ऑप्शन नाही म्हणून सिलेक्टेड कुणालाच लागत नाही, आणि बिचारा धाराशिवचा माणूस फक्त मोबाईल नंबर बदलायला आलेला असतो, सेव्ह दाबतो आणि परत अकोल्याला पोचतो. कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून व्हॅल्यूमध्ये नाव ठेवायचंच नाही, कोड ठेवायचा. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्य, जिल्हा, तालुका सगळ्यांचे कोड असतात, महाराष्ट्राचा २७, तेच घ्या, स्वतःचे नवे शोधत बसू नका.

दोन, दिसायला सारखं पण आतून वेगळं. रत्नागिरी! हा शब्द काही कीबोर्डवर त आणि न च्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून टाईप होतो, काहींवर तसाच. स्क्रीनवर फरक जवळजवळ दिसत नाही, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. मी यात एक अख्खी दुपार घालवली, दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून बघत होतो आणि सारखेच तर आहेत म्हणत होतो, शेवटी दोन्हींची लांबी मोजली तेव्हा एकात एक अक्षर जास्त निघालं. एक्सेलमधून कॉपी केलेल्या नावांच्या मागे चिकटून येणारी स्पेस हा त्याचाच धाकटा भाऊ. याचंही औषध कोडच.

तीन, रक्तगटाचं अधिक चिन्ह. व्हॅल्यू "ए+" अशी ठेवली आणि जावास्क्रिप्टने यूआरएल हाताने जोडून पाठवली, तर सर्व्हरकडे पोचेपर्यंत त्या अधिकची स्पेस होते. डेटाबेसमध्ये "ए" आणि पुढे मोकळी जागा. एडिट उघडलं की सगळ्या पॉझिटिव्हवाल्यांचा खाना कोरा आणि निगेटिव्हवाल्यांचा मात्र ठीक! "फक्त काहीच लोकांचं कोरं दिसतंय" अशी तक्रार आली आणि ते काही लोक म्हणजे बहुसंख्य निघाले की हे आठवा. फॉर्म ब्राउझरने स्वतः पाठवला तर तो चिन्हाचं एन्कोडिंग बरोबर करतो, आपण हाताने जोडलं की एन्कोडयूआरआयकंपोनंट वापरायचं.

रक्तगटावरून आठवलं, तिथे "माहीत नाही" हा वेगळा ऑप्शन द्याच, यादीच्या शेवटी, स्वतःच्या व्हॅल्यूसकट. "उत्तर दिलं नाही" आणि "मला माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीसाठी रिकामी ओळ वापरली तर नंतर काहीही करून वेगळ्या काढता येत नाहीत. आणि "इतर" पण ठेवा, बॉम्बे ब्लड ग्रुप १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी आपल्या मुंबईत ओळखला, आणि आपल्याच फॉर्ममध्ये त्या माणसाला आठांपैकी एक खोटा निवडायला लावायचा हे काही बरं नाही.

जिल्हा-तालुका जोडीचं आणखी एक. जिल्हा बदलला की लोक तालुक्याचं सिलेक्ट पूर्ण रिकामं करतात आणि नवे तालुके ओततात, त्यात "तालुका निवडा" पण वाहून जातो. मग जिल्हा पुणे निवडला की आंबेगाव आपोआप निवडलेलं. सोपा उपाय आहे, सिलेक्टची लेंग्थ एक करा, म्हणजे पहिला ऑप्शन राहतो, बाकी सगळे जातात, मग नवे जोडा. आणि नेट स्लो असताना माणसाने पटापट दोनदा जिल्हा बदलला तर आधीच्या जिल्ह्याचं उत्तर उशिरा येऊन नव्याच्या डोक्यावर बसू शकतं, म्हणून उत्तर आल्यावर जिल्हा अजून तोच आहे ना हे तपासून मगच यादी भरा. उत्तर येईपर्यंत तालुक्याचा खाना डिसेबल ठेवला तर उत्तम.

फ्रेमवर्कवाल्यांसाठी भराभर सांगतो.

रिअॅक्टमध्ये स्टेट (कोड निवड लक्षात ठेवतो ती जागा) रिकामी आणि यादीत रिकामा ऑप्शन नाही, तर स्क्रीनवर पहिला ऑप्शन दिसतो पण स्टेटमध्ये काहीच नसतं. माणसाला वाटतं निवडलंय, तुमच्या कोडला वाटतं नाही. व्हॅल्यूला नल (म्हणजे "काहीच नाही") दिलं तर कन्सोलमध्ये वॉर्निंग येते, रिकामी स्ट्रिंग द्या आणि तिच्याशी जुळणारा ऑप्शन ठेवा. व्ह्यूमध्ये उलट, जुळलं नाही तर खाना कोरा राहतो, आणि आयफोनवर पहिला ऑप्शन निवडताच येत नाही, त्यांच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच डिसेबल केलेला रिकामा ऑप्शन ठेवा असं सांगितलंय. जुन्या अँग्युलरजेएसमध्ये प्रश्नचिन्हं आणि अनडिफाइन्ड लिहिलेला एक भुताटकी ऑप्शन यादीत दिसतो, तो मॉडेलला सुरुवातीची व्हॅल्यू दिली की जातो.

जँगोमध्ये त्या नऊ डॅश येतात, मॉडेलचॉइसफील्डला एम्प्टी लेबल देऊन "जिल्हा निवडा" करता येतं. त्या डॅश नको म्हणून डिफॉल्ट देऊ नका हो, तो परत अकोल्याचाच रस्ता आहे. सिलेक्ट२ प्लगइनचा प्लेसहोल्डर दिसत नसेल तर यादीत पहिला एक कोरा ऑप्शन लागतो, त्याशिवाय तो दिसतच नाही.

एएसपी डॉट नेट वेबफॉर्म्स अजून पुष्कळ ठिकाणी चालतं, तिथे डेटाबाइंड केलं (यादी डेटाबेसमधून भरली) की तुम्ही हाताने लिहिलेला "निवडा" उडून जातो. अपेंडडेटाबाउंडआयटम्स ट्रू करा. पण मग दर पोस्टबॅकला (पान सर्व्हरकडे जाऊन परत आलं की) बाइंड होत असेल तर जिल्हे दुप्पट, तिप्पट होत जातात, म्हणून इजपोस्टबॅक तपासूनच बाइंड करा. आणि "निवडा"ची व्हॅल्यू शून्य ठेवायचीच असेल तर रिक्वायर्डफील्डव्हॅलिडेटरच्या इनिशियलव्हॅल्यूमध्येही शून्य लिहा, नाहीतर तो अडवणार नाही.

ब्राउझरात कितीही अडवलं तरी सर्व्हरवर तपासायचंच, आलेला कोड आपल्या यादीत आहे का एवढं बघा. पीएचपीत हे एम्प्टी वापरून करू नका, त्याला शून्य पण रिकामंच वाटतं, "सोबत मुलं किती" या खान्यात शून्य हे अगदी खरं उत्तर आहे आणि फॉर्म "हा खाना भरा" म्हणत बसतो. खाना ऐच्छिक असेल तर रिकामी स्ट्रिंग नल करूनच डेटाबेसकडे पाठवा. आकड्याच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग गेली तर पोस्टग्रेस सरळ एरर देतो, मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर देतो आणि स्ट्रिक्ट बंद असेल तर गुपचूप शून्य लिहितो. तो गुपचूपवाला जास्त वाईट.

टेस्ट करताना एक लक्षात ठेवा, फायरफॉक्स पान रिफ्रेश केलं तरी आधी निवडलेलं तसंच ठेवतो. मी एकदा सिलेक्टेड बरोबर लावूनसुद्धा "लागतच नाहीये" म्हणून अर्धा तास घालवला. ऑटोकम्प्लीट ऑफ करा, नाहीतर यूआरएलवर एंटर मारून पान नव्याने उघडा.

आता सरांचं "अर्धवट वाटतं" त्याचं काय केलं? नुसत्या मोकळ्या ओळीऐवजी "जिल्हा निवडा" लिहिलं, रंग थोडा फिका केला, आणि वरचं लेबल तसंच ठेवलं, कारण एकदा निवडल्यावर "जिल्हा निवडा" दिसत नाही आणि हा खाना कशाचा होता ते लेबलवरूनच कळतं. सर म्हणाले, "हां, हे बरंय. आधीच असं का नाही केलं?" मी काय बोलणार.

आधीचा बिघडलेला डेटा मात्र निस्तरावा लागला. जिल्हा अकोला आहे पण पिनकोड ४४४ ने सुरू होत नाही अशा नोंदी वेगळ्या काढल्या, पिनकोडवरून बहुतेकांचा जिल्हा लागला. ४४४ अमरावती-वाशीमकडेही लागतो, त्यामुळे तिकडच्या चार जणांना विचारावं लागलं. रक्तगट कशावरूनच ओळखता येईना, म्हणून जेवढे ए पॉझिटिव्ह होते त्या सगळ्यांना फोन लावले, मी आणि संस्थेतल्या एक मॅडम, दोन संध्याकाळी. एक काका म्हणाले, "मी ओ निगेटिव्ह आहे, आणि तुमच्या फॉर्मात मी रक्तगट भरल्याचं मला तर आठवतच नाही."